राज्य गेल्यानंतर

८ मे २०२५ च्या रात्री जेवणे आटोपून आम्ही घरची मंडळी बातम्या पाहत बसलो होतो. रोममध्ये नव्या पोपची निवड झाली होती आणि अमेरिकेत जन्मलेल्या त्या धर्मगुरूंनी ‘चौदावे लिओ’ हे नाव धारण केल्याचे निवेदिका सांगत होती. नातीने सहज विचारले, “आजोबा, चौदावे म्हणजे आधी तेरा होऊन गेले. मग हे तेरावे कोण होते?”

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र मला त्या रात्री देता आले नाही. कामगारांविषयी काही लिहून ठेवणारे एक पोप होऊन गेले, एवढेच अंधुक स्मरत होते. दोन दिवसांनी नव्या पोपनी स्वतःच खुलासा केला. पहिल्या औद्योगिक क्रांतीच्या काळात तेराव्या लिओंनी श्रमिकांचा प्रश्न हाती घेतला. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रूपाने तसाच प्रश्न पुन्हा उभा राहत आहे, म्हणून आपण हे नाव घेतले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यानंतर मी जे मिळेल ते वाचीत गेलो आणि वाचता वाचता ध्यानात आले की, हे चरित्र आपणा इंदूरकरांस वाटते तितके परके नाही.

ज्याच्या गादीचे राज्य गेले अशा एका वृद्धाची ही कथा आहे. राज्य गेल्यानंतर हाती काय उरते, या प्रश्नाचे उत्तर त्याने पंचवीस वर्षे शोधले. २८ मे १९४८ रोजी होळकरांचे राज्य मध्य भारतात विलीन झाले, तेव्हा आपल्या वाडवडिलांपुढेही हाच प्रश्न उभा होता. दरबार गेला, दरबारी मराठी गेली, राजाश्रय गेला. उरले ते काय आणि त्याचे आपण केले काय? नातीला द्यावयाचे उत्तर लिहिता लिहिता हा प्रश्न मलाच विचारला जात आहे, असे वाटू लागले. म्हणून या महिन्याचे सदर त्या विषयाला दिले आहे.

* * *

तेराव्या लिओंचे मूळचे नाव जोआकिनो व्हिन्चेन्झो पेच्ची. २ मार्च १८१० रोजी रोमच्या दक्षिणेस डोंगरात वसलेल्या कार्पिनेतो या गावी एका लहानशा सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. त्या काळी पोप हे केवळ धर्मगुरू नव्हते. मध्य इटलीचा मोठा प्रदेश त्यांच्या राज्यात मोडत असे. त्यामुळे १८३७ च्या अखेरीस दीक्षा घेतलेल्या या तरुण धर्मगुरूस पहिले काम मिळाले ते सुभेदारीचे. बेनेव्हेंतो या भागात लुटारूंच्या टोळ्या आणि त्यांना वाड्यात आसरा देणारे जमीनदार यांचा त्यांनी बंदोबस्त केला. पुढे पेरुजिया येथे नेमणूक झाली असता त्यांनी शेतकऱ्यांसाठी बचत पेढी काढली. कर्जाचा फास गरिबाच्या गळ्याभोवती कसा आवळतो, हे त्यांनी पुस्तकात नव्हे, कचेरीत बसून पाहिले होते.

१८४३ मध्ये पोपचे वकील म्हणून ते बेल्जियमला गेले. युरोप खंडात यंत्रयुग प्रथम रुजले ते या देशात. कोळशाच्या खाणी, धुराडी, पोटासाठी यंत्रापाशी उभी राहणारी बायकामुले हे दृश्य मध्य इटलीच्या शेतीप्रधान मुलखातून आलेल्या माणसास नवे होते. १८४६ मध्ये परतताना त्यांनी लंडनही पाहिले. त्यानंतर मात्र त्यांच्या आयुष्याचा प्रवाह एकाएकी संथ झाला. पेरुजियाचे बिशप म्हणून त्यांनी एका जागी ३२ वर्षे काढली. १८५३ मध्ये ते कार्डिनल झाले. पण रोमच्या दरबारात त्यांना स्थान नव्हते.

दरम्यान इटलीच्या एकीकरणाची लाट पोपच्या राज्यावर आदळली. एकेक प्रांत गेला आणि २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने खुद्द रोम शहर घेतले. हजार वर्षांहून जुने राज्य संपले. नव्या सरकारने १८७१ मध्ये कायदा करून पोपना वर्षाला सव्वाबत्तीस लाख लिरांचा तनखा देऊ केला. आपल्याकडील संस्थानिकांना मिळणारे तनखे १९७१ मध्ये बंद झाले, हे आपण पाहिले आहे. येथे देऊ केलेला तनखा घेणाऱ्यानेच नाकारला. तत्कालीन पोप नववे पायस यांनी स्वतःस ‘व्हॅटिकनचा बंदी’ म्हणविले आणि राजवाड्याचे दार आतून लावून घेतले.

१८७८ च्या फेब्रुवारीत नववे पायस वारले आणि २० तारखेला पेच्ची यांची निवड झाली. वयाची ६८ वर्षे पुरी होत आलेली, देह कृश, चेहरा फिकट. हा म्हातारा चार-दोन वर्षे गादी सांभाळील आणि तोवर पुढचा विचार करता येईल, अशी निवडणाऱ्यांपैकी अनेकांची अटकळ होती. म्हातारा २० जुलै १९०३ पर्यंत, वयाच्या ९४ व्या वर्षापर्यंत, गादीवर राहिला. मारियानी नावाचे कोकामिश्रित मद्य त्यांना फार आवडे. त्यांनी उत्पादकास सुवर्णपदक दिले आणि त्याने पोपचे चित्र जाहिरातीत छापले. दीर्घायुष्याचे श्रेय त्या बाटलीला द्यावे की पहाटे उठून लॅटिन कविता रचण्याच्या सवयीला, हे वाचकांनीच ठरवावे.

त्यांची कोंडी किती खरी होती, हे एका प्रसंगावरून कळते. जुलै १८८१ मध्ये नवव्या पायसांचा मृतदेह रात्रीच्या वेळी कायमच्या दफनस्थानी नेला जात असता जमावाने हल्ला केला आणि शवपेटी टायबर नदीत फेकून देण्याचा प्रयत्न केला. मेलेल्या पोपची ही स्थिती, तर जिवंताने नगरात कसे वावरावे? पंचवीस वर्षांच्या कारकीर्दीत तेरावे लिओ व्हॅटिकनच्या आवाराबाहेर पडले नाहीत.

मात्र कोंडलेल्या माणसाने कुढत बसावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी व्हॅटिकनचे गुप्त दप्तर १८८१ मध्ये संशोधकांस खुले केले. आपल्याविरुद्धचे पुरावेही त्यात असतील, हे ठाऊक असून केले. १८९१ मध्ये वेधशाळा नव्याने उभारली. जर्मनीत बिस्मार्कने कॅथलिकांविरुद्ध चालविलेला झगडा त्यांनी धीराने वाटाघाटी करून मिटविला. १८८५ मध्ये प्रशांत महासागरातील कॅरोलाइन बेटांवरून जर्मनी आणि स्पेन यांच्यात वाद पेटला, तेव्हा त्याच बिस्मार्कने मध्यस्थ म्हणून पोपचे नाव सुचविले. ज्याच्यापाशी एक तोफ उरली नव्हती, त्याच्या निवाड्यास दोन आरमारी राष्ट्रांनी मान तुकविली. राज्य गेल्यानंतर उरतो तो शब्द, आणि तो निःस्वार्थ असेल तरच त्याला वजन येते, हे त्यांना येथे उमगले असावे.

पूर्ण उमगले, असे मात्र म्हणता येत नाही. गेलेले रोम परत मिळावे हा हेका त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. इटलीच्या कॅथलिकांनी देशाच्या संसदीय निवडणुकीत भाग घेऊ नये, हा आधीचा निर्बंधही कायम ठेवला. आपल्या माणसांना देशाच्या कारभारापासून दूर बसविण्याने कोणाचे भले झाले? तो वाद मिटावयास १९२९ साल उजाडावे लागले आणि तेव्हा पोपच्या हाती ४४ हेक्टरांचे एक नगर आले. जे गेले त्याच्याकडे पाठ फिरविणे शहाण्या माणसासही किती अवघड असते!

* * *

त्यांचा जो शब्द टिकला, तो १५ मे १८९१ चा. जगभरच्या बिशपांना उद्देशून पोप जी पत्रे लिहितात, तशी ऐंशीहून अधिक पत्रे लिओंनी लिहिली. त्यांपैकी ‘रेरुम नोव्हारुम’, म्हणजे ‘नव्या गोष्टींविषयी’, हे पत्र कामगारांच्या स्थितीवर आहे. त्यात समाजवादाला विरोध आहे आणि खाजगी मालमत्तेच्या हक्काचे समर्थन आहे. स्त्रीचे स्थान घर हेच, ही त्या काळची समजूतही आहे. पण मालकवर्गाने हे आपले समर्थनपत्र म्हणून मिरवावे, तर पुढची पाने त्यांना अडचणीची होती.

मजूर हा विकत घ्यावयाचा जिन्नस नव्हे, माणूस आहे, असे ते पत्र सांगते. मुलांना त्यांच्या शक्तीबाहेरचे काम देऊ नये. आठवड्यास विश्रांतीचा एक दिवस असावा. कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे आणि दुबळ्यांचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. सावकारीच्या अधाशीपणावरही त्यात कडक शब्द आहेत. या सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मजुरीचा. त्या काळचे अर्थशास्त्र म्हणे की, मालकाने अमुक देऊ केले, मजुराने ते कबूल केले, व्यवहार संपला. लिओंचे म्हणणे असे की, तो संपत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल एवढी मजुरी हा करारापूर्वीचा न्याय आहे; उपासमारीच्या भीतीने कोणी त्याहून कमी कबूल केले, तर ती संमती नव्हे, जबरदस्ती आहे.

येथे मराठी वाचकास एका आपल्या माणसाची आठवण व्हावयास हवी. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुटी मागत होते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. म्हणजे रोमहून ते पत्र निघण्याच्या अकरा महिने आधी मुंबईच्या कामगाराने आपला रविवार मिळविला होता. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची सुटी सरकारी नियमात आली. एक राजवाड्यात कोंडलेला धर्मगुरू, दुसरा गिरणगावात फिरणारा सत्यशोधक. एकाची भाषा धर्मशास्त्राची, दुसऱ्याची अर्ज-विनंत्यांची. दोघांच्या काळाने दोघांसमोर एकच माणूस उभा केला होता आणि दोघांनी त्याच्याकडे पाहण्याचे टाळले नाही, हे साम्य मला मोलाचे वाटते. रविवारी उशिरापर्यंत लोळणाऱ्या आपण सर्वांनी लोखंड्यांचे स्मरण वर्षातून एकदा तरी करावे.

* * *

तेराव्या लिओंचा हिंदुस्थानशी संबंध मात्र याहून पुष्कळ थेट आहे आणि त्यात त्यांच्या हातून झालेले बरे आणि वाईट दोन्ही दिसते.

हिंदुस्थानातील कॅथलिकांवर त्या काळी दुहेरी अंमल होता. पोर्तुगालच्या राजाला जुन्या काळी मिळालेल्या सनदेनुसार गोव्याचे आर्चबिशप आपला अधिकार सांगत. त्यास ‘पाद्रोआदो’ म्हणत. दुसरीकडे रोमने स्वतःचे प्रतिनिधी पाठविले होते. एकाच गावात दोन चर्च, दोन धर्मगुरू आणि दोन तट. मुंबईत हा तंटा इतका विकोपास गेला की, १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चचा ताबा सोडावा लागू नये म्हणून बिशप हार्टमन यांनी अनुयायांसह स्वतःस आत कोंडून घेतले. पंधरा दिवसांनी सरकारी हुकमाने दारे उघडावी लागली. कुळकर्णीपणाच्या वतनावरून भाऊबंदकी करणाऱ्या आपल्या समाजास हे चित्र नवखे वाटू नये!

लिओंनी २३ जून १८८६ रोजी पोर्तुगालशी करार केला आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला हिंदुस्थानासाठी धर्मप्रांतांची रीतसर घडी बसविली. मुंबई, कलकत्ता, मद्रास, आग्रा ही मुख्य पीठे झाली. पुण्याचा धर्मप्रांत तेव्हाचा, नागपूरचा पुढच्या वर्षीचा. गोव्याच्या आर्चबिशपांना पूर्वेचे ‘पॅट्रिआर्क’ ही पदवी मिळाली. मुंबईतला दुहेरी अंमल मात्र तडजोडीपायी तसाच राहिला आणि १९२८ मध्येच संपला.

या कराराची झळ कोणास बसली? सिलोनमधील गोवेकर धर्मगुरूंस. त्या बेटावर डचांनी कॅथलिक धर्मास बंदी घातली असता १६८७ मध्ये गोव्याचे जोसेफ वाझ वेष पालटून तेथे शिरले, २४ वर्षे राबले आणि १७११ मध्ये कँडी येथे वारले. (२०१५ मध्ये त्यांना संतपद मिळाले.) त्यांच्यामागून गोवेकर धर्मगुरूंच्या पिढ्या तेथे गेल्या. १८८६ च्या कराराने त्यांची चर्चे युरोपीय मिशनऱ्यांच्या अधिकाराखाली गेली. गोव्यातील वेर्णे गावचे धर्मगुरू आणि निर्भीड पत्रकार आंतोनियु फ्रांसिश्कु शाव्हियेर आल्व्हारीस यांचे रोमशी आणि पोर्तुगीज सरकारशी आधीच बिनसले होते. त्यांनी असंतुष्टांचे नेतृत्व पत्करले आणि १८८९ मध्ये कोट्टायम येथे सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेतून स्वतंत्र बिशपपद घेतले. पुढे पणजी-रायबंदरच्या परिसरात रोगी आणि निराधार यांची सेवा करीत ते १९२३ मध्ये वारले. बहिष्कृत बिशपच्या अंत्ययात्रेस सर्व धर्मांचे लोक लोटले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी काम केले त्यांना न विचारता दूरच्या राजधान्यांत सही होते, हे दुःख वसाहतींतल्या माणसांनी अनेक क्षेत्रांत भोगले आहे. मजुराच्या संमतीविषयी इतके बारकाईने लिहिणाऱ्या पोपनी या देशी धर्मगुरूंच्या संमतीचा विचार तितक्या बारकाईने केला नाही, ही उणीव नोंदविली पाहिजे.

पण त्याच पोपच्या मनात एक दुसरा विचारही पक्का होत होता. २४ जून १८९३ च्या पत्रात त्यांनी असे प्रतिपादिले की, परदेशी मिशनऱ्यांच्या आधारावर हिंदुस्थानातले कॅथलिक चर्च उभे राहणार नाही. त्याची धुरा या देशाच्या पुत्रांनीच वाहिली पाहिजे. त्यासाठी त्यांनी गुरुकुल स्थापिले आणि त्याच्या स्मरणार्थ पदक पाडून त्यावर, भारताला उद्देशून, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील, अशा अर्थाचे लॅटिन वचन कोरविले. गुरुकुलाची जागा होती कँडी, जेथे जोसेफ वाझ यांनी देह ठेवला होता. १८९६ मध्ये केरळातील सिरियन कॅथलिकांना तीन मलयाळी बिशप मिळाले, तेही लिओंच्याच आज्ञेने.

बोललेले वचन आणि झालेली कृती यांत मात्र अंतर पडत राहिले. लॅटिन परंपरेत, या नव्या घडीत, पहिले भारतीय बिशप नेमले गेले ते १९२३ मध्ये, तुतिकोरिन येथे. मुंबईच्या आर्चबिशपपदी पहिले भारतीय बसले ते १९५० मध्ये. ते व्हॅलेरियन ग्रेशियस, गोवेकर आईबापांचे पुत्र. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले आणि त्यांचे शिक्षण झाले होते त्या कँडीच्या गुरुकुलात. तुझेच पुत्र, हा शब्द खरा व्हावयास साठ वर्षे लागली.

१९५५ मध्ये ते गुरुकुल कँडीहून हलले आणि आले कोठे, तर पुण्यास. नगर रस्त्यावरून जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी रामवाडीजवळचे ‘पेपल सेमिनरी’ पाहिले असेल. ते तेराव्या लिओंचे आहे, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हते. आणि देशी भाषेत बोलणारा, देशी मातीतला धर्मगुरू कसा असतो हे पाहावयाचे असेल, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे स्मरण पुरे. वसईच्या या धर्मगुरूंना मराठी साहित्यिकांनी जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिले. जुलै २०२४ मध्ये ते वारले.

* * *

आता इंदूर. येथील कॅथलिक समाज लहान. इंदूरला स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा मिळाला तो १९५२ मध्ये. पण सावकारी आणि मजुरी यांविषयी त्या वृद्धाने जे लिहिले, त्याची किंमत आपल्या शहराजवळ एका स्त्रीने प्राणाने मोजली आहे. केरळातून आलेल्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे भूमिहीन मजुरांना संघटित करीत, सावकाराऐवजी बँकेचे कर्ज कसे मिळवावे हे शिकवीत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये प्रवाशांच्या डोळ्यांदेखत त्यांची भोसकून हत्या झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्यास राखी बांधली आणि कुटुंबाने त्याच्या सुटकेस संमती दिली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात मोठ्या समारंभाने त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. त्या दिवशी मी याच शहरात होतो आणि वर्तमानपत्राची घडी घालून दुसऱ्या कामास लागलो, हे कबूल करतो.

आणि गिरण्या? दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात येथे कापडाची पहिली गिरणी उभी राहिली. पुढे मालवा, हुकुमचंद, कल्याण, राजकुमार, स्वदेशी अशी नावे घराघरांत रुळली. भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी अजून हयात आहे. हुकुमचंद गिरणी नव्वदच्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि कामगारांची देणी तशीच राहिली. योगायोग असा की, ‘रेरुम नोव्हारुम’ला शंभर वर्षे झाली म्हणून १९९१ मध्ये रोमहून दुसऱ्या जॉन पॉल यांचे नवे पत्र निघाले होते. कामगारांची कोर्टकचेरी तीस वर्षांहून अधिक चालली. २५ डिसेंबर २०२३ रोजी, नाताळच्या दिवशी, सुमारे २२४ कोटी रुपये सुमारे ४,८०० कामगार आणि त्यांचे वारस यांच्यासाठी सुपूर्द झाले. वारस हा शब्द मुद्दाम लिहिला. कारण कित्येकजण वाट पाहता पाहता निघून गेले होते. केलेल्या कामाचा मोबदला अडविणे हे आकाशापर्यंत पोचणारे पाप आहे, या अर्थाचे जुने बायबलवचन लिओंनी आपल्या पत्रात आठविले होते. आकाशापर्यंत पोचावयास किती वर्षे लागावीत?

आमच्या गल्लीत एक वृद्ध गृहस्थ राहत. एका गिरणीच्या साचेखात्यात त्यांचा जन्म गेला. गिरणी बंद झाल्यावर ते दर आठवड्यास कामगारांच्या बैठकीस जात; जाताना आमच्या फाटकाशी थांबत आणि म्हणत, “येतो भाऊसाहेब, काही हललं तर सांगतो.” मी मान हलवीत असे. इतक्या वर्षांत एकदाही त्यांच्याबरोबर त्या बैठकीस जावे असे मला सुचले नाही. आपले वाचनालय, आपली व्याख्यानमाला, आपली नाटके, आपला गणेशोत्सव यांच्या बैठकांना मी न चुकता जात असे. राज्य गेल्यानंतर आपण या संस्था जपल्या, हे खरेच मोठे काम आहे आणि त्याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही. पण लिओंचे चरित्र वाचून मिटल्यावर वाटले की, त्यांनी जपलेल्या दप्तरखान्यामुळे आणि वेधशाळेमुळे आज त्यांचे नाव कोणी घेत नाही. गादीच्या मानासाठी त्यांनी धरलेला हट्ट तर विसरलाच गेला. सव्वाशे वर्षांनी एका पोपला त्यांचे नाव घ्यावेसे वाटले ते, ज्यांचा त्यांच्या राज्याशी काही संबंध नव्हता अशा मजुरांसाठी त्यांनी जे लिहिले त्यामुळे. राज्य गेल्यावर आपले म्हणून जे उरते ते जपण्याने समाज टिकतो. पण आपले नसलेल्यांसाठी शब्द टाकला तरच त्या टिकण्याला अर्थ येतो.

नातीला हे सारे मी सांगितले. ती म्हणाली, “मग त्या काकांचे पैसे मिळाले का?” ते २०१६ मध्येच गेले होते. मी तसे सांगितले. तिने पुढे काही विचारले नाही.

अनंत चतुर्दशीस दरवर्षीप्रमाणे गिरण्यांच्या झांक्या निघाल्या. गिरण्यांची दारे बंद होऊन तीन दशके उलटली, तरी तेथले जुने कामगार वर्गणी आणि मदत जमवून रात्रभर शहराला रोषणाई दाखवितात. आम्ही दोघे राजवाड्याजवळ उभे होतो. एका झांकीपुढे काठी टेकीत चालणारा एक थकलेला कामगार आमच्यासमोर क्षणभर थांबला. नातीने त्याला हात जोडले. या वेळी मी नुसती मान हलविली नाही. पुढच्या चौकापर्यंत त्यांच्याबरोबर चाललो.